गोदी टाळून जहाजाचं गणित येत नाही

वास्कोहून एका वडिलांचं पत्र आलंय. ते पंचवीस वर्षं बार्जच्या (सपाट तळाच्या मालवाहू बोटींच्या) दुरुस्तीत फिटर आहेत. मुलगी फर्मागुढीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला, सीजीपीए ७.२. जहाजाभोवतीचा पाण्याचा प्रवाह संगणकावर सोडवायचा आणि त्यावरून जहाजाचा आकार ठरवायचा, या कामात तिला जायचंय. वडिलांनी पुण्यातल्या सहा महिन्यांच्या सीएफडी (संगणकावर प्रवाह सोडवायचं तंत्र) सॉफ्टवेअर कोर्सचा २० हजारांचा पहिला हप्ता भरलाय, बाकीच्यासाठी पतसंस्थेचं कर्ज काढणार आहेत. विचारतात, "या कोर्सवर एसीत बसून नोकरी मिळेल ना? मुलीच्या जातीला गोदी नको."

नमस्कार.

तुमच्या चार पानांत फी आहे, हप्ते आहेत, पुण्यातली राहायची सोय आहे, तिच्या मावशीचं मतही आहे. मुलीचं म्हणणं मात्र एकाच ओळीत: "ती नको म्हणते, पण तिला काय कळतं." मला ७.२ ची काळजी वाटली नाही, या ओळीची वाटली. लहानपणी ती तुमचा डबा घेऊन यार्डात यायची, स्लिपवेवर ओढलेल्या बार्जखाली वाकून बघत बसायची, हे तुम्हीच लिहिलंय. विषय तिला तिथेच सापडला. बरीच मुलं कॅम्पसला कोणती कंपनी येते ते बघून आवड ठरवतात; तुमच्या मुलीची आवड तुमच्याच हाताखाली वाढली आहे. यार्डातलं ऊन, वेल्डिंगचा धूर, माणसांची भाषा तुम्ही सोसलीत, म्हणून तुमची भीती मी खोटी म्हणणार नाही. पण त्या भीतीपायी तिच्या नावावर कर्ज काढणं हा अन्याय आहे. आणि "मुलीच्या जातीला" हे शब्द तिच्यासमोर पुन्हा काढू नका.

आता कोर्सबद्दल. सॉफ्टवेअर शिकलं की काम आलं, हा गैरसमज फार पसरलाय. सॉफ्टवेअर कुठल्याही चुकीच्या गणितालाही रंगीत चित्र देतं. केसीएस नावाचा कंटेनर जहाजाचा एक नमुना आहे. कोरियात हा आकार तयार झाला, असं जहाज कधी बांधलं गेलं नाही, पण आकार आणि टोइंग टँकमधल्या (मॉडेल ओढून बघायच्या लांब टाकीतल्या) चाचणीचे आकडे जगाला खुले आहेत. मूळ लांबी २३० मीटर, १:३१.६ प्रमाणातलं मॉडेल ७.२८ मीटर. ते सेकंदाला २.२ मीटर वेगाने ओढलं की फ्रूड अंक (जहाजाचा वेग त्याच्या लांबीच्या मानाने किती ते सांगणारा) ०.२६ येतो आणि पाण्याचा विरोध सुमारे ८० न्यूटन, म्हणजे आठेक किलो वजनाइतका. हा आकडा संगणकावर आणायचा तर हलला, म्हणजे जहाजाच्या बाहेरच्या अंगाला, चिकटलेला मेशचा (पाण्याचे कप्पे पाडणाऱ्या जाळीचा) पहिला थर दीडेक मिलिमीटरचा लागतो. वॉल फंक्शन (हललगतच्या प्रवाहाचं तयार सूत्र) वापरलं तर एवढा, नाहीतर त्याहून कितीतरी बारीक. लाटेच्या उंचीत वीसेक सेल, म्हणजे जाळीचे कप्पे, हवेत. कमी पडले तर लाट हलपासून दूर जाता जाता विरून जाते. संगणकात आखलेल्या टाकीतून पाणी बाहेर पडतं ती सीमा फार जवळ ठेवली तर लाटा तिथून परत फिरतात आणि विरोधाचा आकडा हेलकावत राहतो. एकाच मेशवरचं उत्तर धरायचं नाही. तीन मेश घ्यायचे, प्रत्येक वेळी सेलची बाजू १.४ पटीने लहान करायची आणि आकडा कुठे स्थिरावतो ते बघायचं. हे बटणं दाबून येत नाही, त्याला द्रवगतिकी पक्की लागते. ती कॉलेजच्या पुस्तकांत आहे, आणि ओपनफोम हे सॉफ्टवेअर फुकट आहे. १६ जीबी रॅमचा लॅपटॉप सुरुवातीला पुरतो. एकेक गणित चालायला दिवस लागेल, लागू दे.

शिवाय संगणकातला हल बहुतेक वेळा गुळगुळीत असतो. तुम्ही रोज बघता त्या तळावर वेल्डचे उंचवटे असतात, रंगाचे पोपडे असतात, पावसाळाभर नांगरून पडलेल्या बार्जला शिंपल्यांचा थर असतो. त्याने घर्षण किती वाढतं हे तिला गणितात घालायचं असेल, तर तो थर तिने नखाने खरवडून बघायला हवा. गोदी टाळून हे काम चांगलं करता येत नाही.

पुढच्या शिक्षणाचं थोडक्यात: गेट ही प्रवेश परीक्षा देऊन खरगपूर किंवा मद्रास आयआयटीत नेव्हल आर्किटेक्चर, ओशन इंजिनिअरिंगचं एमटेक करता येतं, मेकॅनिकलवाल्यांनाही.

तर पुण्याच्या कोर्सवाल्यांना फोन करून २० हजार परत मागा. नाही मिळाले तर तेवढेच बुडाले समजा, कर्ज काढू नका. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला तिला भरलेली बार्ज आणि उथळ पाणी हा विषय घेऊ द्या. पाच मीटर खोलीत लाट सेकंदाला सात मीटरहून, म्हणजे साडेतेरा नॉटहून वेगाने धावू शकत नाही. बार्ज त्या वेगाच्या जवळ जायला लागली की तळाखालचं पाणी जोरात धावतं, दाब उतरतो आणि बार्ज खाली बसते. नदीत भरलेली बार्ज जोरात नेली की तळ घासतो, हे तुमच्या ओळखीच्या प्रत्येक तांडेलाला ठाऊक आहे. त्यांच्याशी तिची गाठ घालून द्या. ड्राफ्टच्या, म्हणजे बार्ज पाण्यात किती बुडाली त्याच्या, खुणा कशा वाचायच्या ते तुम्हीच शिकवा.

त्याआधी तिने केसीएस सोडवून बघावं. डावी-उजवी बाजू सारखी असल्याने वेळ वाचवायला अर्धाच हल सोडवतात. ती आनंदाने "बाबा, चाळीस न्यूटन आले" म्हणाली, तर आधी विचारा, दुप्पट केलंस का?