माझ्याकडे १९११ चा चांदीचा रुपया आहे. व्हिडिओत नऊ लाख सांगतात, सराफ मोडीचा भाव देतो म्हणतो. योग्य किंमत कशी ठरवायची?

नऊ लाख हा आकडा आधी डोक्यातून काढून टाका. सराफाकडे मात्र एकदा जाऊन या, पण विकायला नाही, वजन करायला. सराफ चांदी घेतो, नाणं घेत नाही. वर राजा आहे की राणी, साल कुठलं, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. त्याचा भाव म्हणजे तळ. पूर्ण वजनाचा रुपया ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा, त्यात ९१.७ टक्के चांदी. शुद्ध चांदी साधारण १०.७ ग्रॅम. आजच्या भावाने गुणा, त्याच्या खाली कुणी मागितलं तर नाणं पिशवीत टाकून घरी या. त्याच्या वर किती, एवढाच खरा प्रश्न आहे.

मी सहसा अशा प्रश्नांच्या वाटेला जात नाही. पण हेच नाणं, हेच साल आणि हाच नऊ लाखांचा आकडा आमच्या घरात इतकी वर्षं चघळला जातोय की मला राहवलं नाही.

आमच्या सासूबाईंचा एक पत्र्याचा डबा होता. लक्ष्मीपूजनाला पाटावर यायचा, एरवी कपाटात. त्या गेल्यावर वर्षश्राद्ध झालं आणि डबा उघडला. वाटेकरी तीन: आमचे हे, धाकटे दीर आणि नणंद. भाऊजींचं म्हणणं, तराजू आणा, तीन सारखे वाटे करा, विषय संपला. मी म्हटलं, आधी मला सालं बघू द्या. मी बँकेत कॅश काउंटरला बसून निवृत्त झाले आणि वडिलांना नाण्यांचा नाद होता, त्यामुळे नाणं हातात आलं की उलटून साल बघायची माझी जुनी खोड. भाऊजी म्हणाले, "वहिनी, चांदी ती चांदी. सालं बघून काय पत्रिका मांडायची आहे?"

पत्रिकाच मांडली मी. राणीछाप होते, एडवर्डचे टकलाचे होते, पंचम जॉर्जचे भरपूर होते, आणि शेवटी १९४० पासूनचे बरेच. आता हे १९४० ते १९४५ चे, सहाव्या जॉर्जचे रुपये वजनाला तेवढेच भरतात, पण त्यांत चांदी फक्त ५० टक्के. म्हणजे तराजूवर सारखे आलेले वाटे प्रत्यक्षात सारखे नसतेच, ज्याच्या वाट्याला हे रुपये जास्त आले असते तो गप्प बसून फसला असता. हे मी तेव्हाच दाखवून दिलं. त्याबद्दल आजतागायत कुणी अवाक्षर काढलेलं नाही, हे जाता जाता नोंदवते.

नणंदेला १८६२ चे रुपये बघून भरून आलं. सत्तावन्नच्या बंडानंतरची नाणी! तिला वाटलं, हीच सगळ्यांत मोलाची. तसं नसतं. व्हिक्टोरियाच्या रुपयावर १८६२ हे एकच साल १८७४ पर्यंत छापत राहिले, आतलं खरं वर्ष मागच्या बाजूच्या बारीक ठिपक्यांवरून ओळखावं लागतं. त्यामुळे १८६२ चा रुपया बाजारात हवा तेवढा मिळतो. ठिपक्यांचे काही प्रकार कमी सापडतात, त्यांना संग्राहक थोडे जास्त देतात, बाकीचे चांदीच्या भावापेक्षा जरासे वर जातात आणि थांबतात. जुनं म्हणजे महाग हे गणित नाण्यांत चालत नाही. चालत असतं तर दोन हजार वर्षांपूर्वीची तांब्याची नाणी कुणाला परवडलीच नसती. आणि ती परवडतात, कितीतरी अगदी किरकोळ पैशांत मिळतात.

डब्यात एकच १९११ निघाला. तुमच्याकडे आहे तोच. त्याची गोष्ट तुम्हाला माहीतच असेल: राजाच्या झग्यावर 'ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर'ची साखळी आहे, तिच्यात हत्ती. त्या वर्षीच्या ठशात सोंड इतकी आखूड झाली की लोकांना तो डुक्कर दिसला. मुसलमान समाजात नाराजी पसरली, सरकारने नाणी मागे घेतली आणि १९१२ पासून सोंड-कान नीट दिसेल असा हत्ती कोरला. रुपये पाडले होते ९४ लाखांच्या आसपास, त्यातले साधारण ७ लाख लोकांच्या हातात गेले, उरलेले वितळवले. डीलर लोक याला 'पिग रुपी' म्हणतात.

आता विचार करा. सात लाख. त्यातले कितीही मोडीत गेले असं धरलं, तरी प्रत्येक मोठ्या नाणेप्रदर्शनात हा रुपया दोन-चार टेबलांवर दिसतोच. ही 'कमी मिळणारी' गोष्ट आहे, 'न मिळणारी' नाही. न मिळणारा म्हणाल तर १९३९ चा रुपया. तो पाडला गेला पण जवळजवळ सगळा वितळला, आणि म्हणूनच १९३८ मधला ८ कोरून त्याचा ९ करणारे कारागीर तयार झाले. उलट काही संस्थानांची तांब्याची नाणी या दोघांपेक्षाही विरळा आहेत, पण ती जमवणारेच हाताच्या बोटांवर, म्हणून किंमत नाही. पिग रुपीला गोष्ट आहे, म्हणून मागणी आहे, म्हणून भाव आहे. त्या भावाला मर्यादाही आहे.

मी काय केलं ते सांगते, म्हणजे तुमच्या प्रश्नाचंही थोडं उत्तर होईल. आधी खरं-खोटं. लोहचुंबक लावला, सराफाच्या काट्यावर वजन घेतलं, दोऱ्याला बांधून पाण्यात बुडवून पुन्हा घेतलं (चांदीचा रुपया पाण्यात साधारण १.१ ग्रॅमने हलका भरतो, पांढऱ्या धातूचा जास्त हलका होतो). मग भिंगाखाली हत्ती. साल १९११ आणि हत्ती मात्र ऐटदार सोंडेचा असेल तर कुणीतरी आकड्याशी खेळलंय, एवढं समजून घ्यायचं.

मग प्रत, म्हणजे नाणं किती झिजलंय. इथे माणसं स्वतःशी खोटं बोलतात. आपल्या घरातलं नाणं म्हणजे 'अगदी नव्यासारखं' असं सगळ्यांनाच वाटतं. नाण्याचे उंच भाग आधी झिजतात: मुकुटाची पट्टी, दाढी, झग्यावरची साखळी. ते सपाट झाले असतील तर नाणं एफ, थोडे शाबूत असतील तर व्हीएफ, त्याच्या वर एक्सएफ, आणि कधी वापरातच न आलेलं ते यूएनसी. एकेका पायरीला भाव दीड-दोन पटीने उडी मारतो, शेवटच्या पायरीला त्याहून मोठी. सासूबाईंचं नाणं एफ आणि व्हीएफच्या मध्ये होतं. शिवाय काठावर, बरोबर राजाच्या डोक्यावर, टाका काढल्याची खूण. कधीतरी कुणीतरी कडी लावून ते माळेत ओवलं होतं. टाका लागलेलं नाणं संग्राहक एकतर घेत नाही, नाहीतर निम्म्याने मागतो. ही खूण मी भाऊजींना तेव्हाच दाखवली होती. चष्मा लावून त्यांनी बघितली होती.

मग लिलावांचे निकाल. लिलावघरं आपले जुने निकाल साइटवर ठेवतात, फुकट बघता येतात. तिथे याच सालाचे, याच टाकसाळीचे, याच प्रतीचे रुपये गेल्या दोन-तीन वर्षांत किती*ला गेले* ते बघायचं. किती*ला ठेवलेत* ते नव्हे. विकणाऱ्याने लावलेली किंमत म्हणजे लग्नाच्या जाहिरातीतलं 'गोरी, देखणी'. दोन जाणकारांनी एकमेकांवर बोली लावून जिथे हात खाली घेतला तो आकडा खरा. त्यातही एक मेख आहे: निकालातला आकडा विकणाऱ्याला मिळत नाही. घेणाऱ्याला वर कमिशन आणि कर भरावा लागतो, विकणाऱ्याचंही कमिशन कापलं जातं. कुठल्या साइटवर कमिशन धरून आकडा देतात, कुठे न धरता, तेही बघा. एखादाच निकाल फार वर गेलेला दिसला तर तो सोडून द्या, त्या दिवशी दोन हट्टी माणसं समोरासमोर आली असतील.

शेवटी एका प्रदर्शनात एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन डीलरना दाखवलं, आधी भाव न सांगता. दोघांचे आकडे जवळजवळ आले. दुसऱ्याला दिलं, तेव्हाच्या भावाने २,७०० रुपयांना. वाटे ९०० चे तीन. पैसे भाऊजींनी मोजून घेतले, पाकिटात ठेवले आणि मस्त चहा प्यायले.

पुढे काही वर्षांनी भाऊबीजेला सगळे जमलो होतो, आणि भाऊजींनी मोबाइल पुढे केला. स्क्रीनवर १९११ चा रुपया, खाली लाल अक्षरांत नऊ लाख. "वहिनी, नऊ लाखांचं नाणं नऊशेला घालवलंत." नऊशे हा त्यांचा वाटा होता, किंमत नव्हती, पण वाक्य जमून आलं होतं ना, मग काय. तेव्हापासून बारशाला, मुंजीला, अगदी दहाव्यालासुद्धा हे वाक्य मी ऐकलंय. मी एकदा म्हटलं, "भाऊजी, पुढच्या प्रदर्शनाला चला. माझ्यापेक्षा चांगल्या प्रतीचे पिग रुपी काही हजारांत मिळतात. पाच घेऊन देते. तुम्ही नऊ-नऊ लाखांना विका आणि मला कमिशनही देऊ नका." ते आले नाहीत.

त्याऐवजी त्यांनी व्हिडिओखालच्या नंबरवर फोन केला. स्वतःच्या वाट्यातल्या १८६२ चा फोटो पाठवला. समोरून अकरा लाख कबूल झाले. आधी नोंदणीची फी, मग कर, मग रिझर्व्ह बँकेचं प्रमाणपत्र, त्यावर गोल शिक्का. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय की जुन्या नाण्या-नोटांच्या असल्या व्यवहारांत ती पडत नाही, कसली फी किंवा कमिशन घेत नाही, आणि आपल्या नावाने ते घ्यायचा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही. मी आयुष्य बँकेत काढलं, घरात विचारायला मी होते, पण मला कसं विचारणार? किती गेले ते भाऊजी सांगत नाहीत. नणंदेला माहीत आहे, ती पण सांगत नाही. नऊ लाखांचं वाक्य मात्र अजून चालू आहे.

म्हणून तुम्हाला सांगते, किंमत ठरवताना घरातल्यांना आधीच समोर बसवा. निकालांची प्रिंट काढा, डीलरचे आकडे तारखेसकट लिहून ठेवा, सगळ्यांच्या सह्या घ्या. हसू नका. मी सही घेतली असती तर मुंजीत शांतपणे जेवता आलं असतं. आणि जो म्हणतो 'मला जास्त मिळाले असते' त्याला नाणं देऊन टाका, तुमचा वाटा आजच्या भावाने रोख मागून घ्या. किंमत योग्य आहे की नाही हे त्याच्या 'हो'वरून लगेच कळतं.

आता काही गोष्टी मी आधीच सांगायला हव्या होत्या. तुमचं नाणं खरंच न वापरलेलं असेल, म्हणजे चकाकी मूळची, साखळीचा प्रत्येक दुवा स्वच्छ, तर वरचे माझे हिशेब तुम्हाला लागू नाहीत. मग प्रदर्शनात न विकता पीसीजीएस किंवा एनजीसी या नाण्यांची प्रत ठरवणाऱ्या कंपन्यांकडून, देशातल्या देशात होत असेल तर, प्रत ठरवून घ्यायला हरकत नाही. ते ७० पैकी आकडा देतात आणि नाणं सीलबंद डबीत घालतात. फी आणि जाण्यायेण्याचा खर्च बराच येतो, त्यामुळे झिजलेल्या नाण्यासाठी हा उद्योग करू नका. खोट्या डब्याही निघाल्यात, कुणी डबीतलं नाणं विकायला आणलं तर वरचा नंबर त्या कंपनीच्या साइटवर तपासा.

दुसरं, डीलर तुम्हाला त्याच्या विक्रीच्या भावाच्या साठ-सत्तर टक्के देत असेल तर तो लुटारू नाही, त्याला टेबलाचं भाडं आहे. त्याहून बरंच कमी असेल तर पुढच्या टेबलावर जा. तिसरं, तुमचं नाणं शंभरी ओलांडलेलं आहे, १९७२ च्या कायद्याने ते पुरावस्तूत येतं आणि देशाबाहेर पाठवता येत नाही. 'परदेशातला गिऱ्हाईक आहे, कुरिअर करा' म्हणणाऱ्याचा फोन तिथेच ठेवायचा. आणि हे नाणं घरातलं नसून शेतात-भिंतीत सापडलेलं असेल तर प्रश्न किंमतीचा राहत नाही, गुप्तधनाच्या १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

फोटो टाकायचे तर दोन्ही बाजू, काठ चारही बाजूंनी, आणि झग्यावरचा हत्ती जवळून. फ्लॅश नको, खिडकीजवळचा उजेड पुरे. त्याआधी चिंच, लिंबू, टूथपेस्ट काही लावू नका. काळपटपणा तसाच राहू द्या, घासलेल्या नाण्याची एक प्रत तिथेच कमी होते. फोटो बघून प्रत सांगेन. आकडा मात्र निकालांतून तुम्हीच काढा, मी आता कुणालाच आकडा सांगत नाही.