उन्हाळ्यात कुत्र्याशी खेळताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पणजीत पारा ३३-३४ च्या वर क्वचितच जातो. नागपूरचे आमचे पाहुणे म्हणतात, हा काय उन्हाळा! मग आमचा चार वर्षांचा लॅब्रॅडॉर संध्याकाळी ५ च्या फेरीत एवढा धापा का टाकतो? फेरी बंद करावी का?

उत्तर : फेरी बंद करू नका, वेळ बदला. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांना येतो, पण तो नावापुरता. धापा टाकताना जिभेवरची आणि तोंडातली ओल हवेत उडून जाते, तेव्हा त्याचं अंग थंड होतं. आपल्याकडे मे महिन्यात हवाच ओलीचिंब असते, त्यामुळे ती ओल उडतच नाही आणि बिचारा नुसता धापत राहतो. (नागपूरच्या दुपारीही कुत्रा सुखात नसतो, पाहुण्यांना तेवढं सांगा.)

मेमध्ये सूर्य सकाळी ६ च्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी ७ च्या आसपास मावळतो. सकाळी ६ ते ७ ही वेळ उत्तम. संध्याकाळी सूर्य बुडाल्यावरच निघा, पण डांबर त्यानंतरही बराच वेळ तापलेलं असतं. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर ७ सेकंद टेकवून पाहा. तुम्हाला सोसवली नाही तर त्याचे पंजेही भाजतील. लॅब्रॅडॉर चेंडूपायी जिवाचं भान विसरतो, म्हणून कधी थांबायचं ते तुम्हीच ठरवा.

प्रश्न : रविवारी कुत्रीला समुद्रावर नेतो. परत आल्यावर दर वेळी जुलाब होतात. पाणी बाधतं का?

उत्तर : पाणी नव्हे, मीठ. लाटेत फेकलेला गोल चेंडू पकडताना जबडा उघडा राहतो आणि दर खेपेला घोटभर खारं पाणी पोटात जातं. त्याऐवजी तरंगणारी चपटी रबरी चकती वापरा, ती धरताना तोंड बरंच मिटतं. १० मिनिटं खेळ, मग सावलीत विश्रांती आणि थोडं गोडं पाणी, असा क्रम ठेवा. २० किलोच्या कुत्र्याला एरवीही दिवसाला लिटरभर पाणी लागतं, तेव्हा घरून निदान दीड लिटर न्या. जुलाबाबरोबर पुन्हा पुन्हा उलट्या, झोकांड्या किंवा झटके दिसले तर मीठ मेंदूपर्यंत पोचलेलं असू शकतं. थेट डॉक्टर गाठा.

पाण्यात छातीपर्यंतच जाऊ द्या, तेही ५ मीटरच्या दोरीला बांधून. जीवरक्षकांचा लाल बावटा असेल तर कुत्रीनेही पाण्यात उतरायचं नाही. मिरग (मृग नक्षत्र, पावसाची सुरुवात) जवळ आला की समुद्राचा नाद सोडा.

किनाऱ्यावर खरी भीती रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढून झाल्यावर वाळूत पडलेल्या मासळीची. त्यात केंड (अंग फुगवणारा विषारी मासा) असला तर त्याचं विष जिवावर बेततं. मासा सुकला तरी ते जात नाही आणि त्यावर उतारा नाही. शिंगाळा माशाचा काटा आणि तुटलेले गळही तिथेच असतात. म्हणून आधी घरी ‘सोड’ म्हटलं की तोंडातली वस्तू टाकायला शिकवा. त्या बदल्यात उकडलेल्या कोंबडीचा तुकडा द्यायचा. आठवडाभर रोज ५ मिनिटं पुरतात.

मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे कासवांची घरटी असतात. तिथे कुत्रा नेऊच नका.

घरी आल्यावर गोड्या पाण्याने अंघोळ घाला. पट्ट्याखाली, बोटांच्या मधे आणि कानांच्या आत कोरडं पुसा. लोंबत्या कानांत ओल राहिली की कान चिघळतात.

प्रश्न : आमचा पग दुपारभर कंटाळतो. घरातच काय खेळवावं?

उत्तर : नाकाचा खेळ. आप्पेपात्राच्या खळग्यांत खाण्याचे दाणे टाका आणि वर टेनिसचे चेंडू ठेवा. चेंडू हलवून दाणे शोधण्यात १०-१५ मिनिटं जातात आणि पळापळ होत नाही. सकाळच्या खाण्यातलेच दाणे वापरा, नाहीतर पग महिन्यात गोल होईल.

दुसरं, पसरट वाटीत एक भाग दही आणि दोन भाग पाणी गोठवून चाटायला द्या. साखर-मीठ नको. बर्फाचे सुटे कडक खडेही नकोत, ते फोडताना दात तुटतात. व्हरांड्यात टबात ८-१० सेंटिमीटर पाणी पुरे. तळाला रबरी चटई घाला. एकदा पाय घसरला तर तो पुन्हा टबात उतरणार नाही. खेळ संपला की पाणी फेका, डास होतात.

पगचं नाक आखूड, त्यामुळे तो सगळ्यांत आधी तापतो. जीभ रुंद होऊन गडद लाल झाली, लाळ चिकट झाली, चालताना तोल जाऊ लागला तर गुदद्वारात थर्मामीटर लावून पाहा. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट नेहमीचं. १०४ च्या वर गेलं तर लगेच पोट, जांघा आणि पंजांवर नळाचं पाणी ओता आणि पंखा लावा. अंगावर ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते. तोंडात पाणी ओतू नका. १०३ ला आलं की पाणी थांबवा आणि दवाखान्यात न्या. तरतरीत दिसला तरी न्याच, कारण मूत्रपिंडाचा बिघाड एक-दोन दिवसांनी उघड होतो.

प्रश्न : फोंड्याला आमचं कुळागर (पोफळी-नारळाची बाग) आहे. कुत्र्याला तिथे मोकळं सोडावं का?

उत्तर : सावली आणि पाट, याहून चांगली जागा नाही. परतल्यावर कानांच्या आत, काखेत आणि बोटांमधे गोचिडी शोधा. चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढा. तेल ओतू नका, चटका देऊ नका. ताप, खाणं सोडणं, फिकट हिरड्या दिसल्या तर रक्त तपासा. पाटातलं साचलेलं पाणी पिऊ देऊ नका, उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) होतो. त्याची लस दरवर्षी द्यावी. शेजारी काजू असतील तर खाली पडून आंबलेली बोंडं उचला, ती खाऊन कुत्र्याला चक्क चढते. पावसाआधी पोफळींवर बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) फवारलं, की पानांवरचं ओलं औषध सुकेपर्यंत कुत्रा घरीच बांधा.