जुनी फोर-बाय-फोर गाडी घरीच पुन्हा उभी करायची तर सुरुवात कुठून करावी?

थेट सांगायचं तर घरी होईल, पण गाडी पूर्ण खोलू नका.

तुम्ही लिहिलंय की गाडी कित्येक वर्षं एका जागी उभी आहे, इंजिन जाम आहे, पत्रा ठिकठिकाणी गंजलाय, पाने चालवायची सवय आहे पण वेल्डिंग येत नाही; आणि बेत असा की सगळं सुटं करायचं, एकेक भाग साफ करून रंगवायचा नि परत जोडायचा. व्हिडिओत हे फार देखणं दिसतं. पण घरी अर्धवट पडलेल्या ज्या गाड्या मी पाहिल्या, त्या बहुतेक याच टप्प्यावर अडकलेल्या होत्या. मालकांच्या हातात कसब होतं, पण बॉडी एका भिंतीला, इंजिन दुसऱ्या भिंतीला, सगळे बोल्ट एकाच खोक्यात आणि गाडी ढकलून बाजूला घ्यायचीही सोय नाही. मग घरचे जागा मागायला लागतात आणि गाडी तशीच भंगारात जाते.

म्हणून माझा नियम असा: एका वेळी एकच यंत्रणा उघडायची, ती पुरी झाल्यावरच दुसरीला हात लावायचा, आणि गाडी शक्य तोवर चाकांवर ठेवायची. चासीच (ज्यावर बॉडी आणि इंजिन बसतं तो खालचा सांगाडा) सडकी निघाली तर बॉडी उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. त्यामुळे पहिली तपासणी चासीची. (त्याही आधी चासी नंबर आणि इंजिन नंबर कागदपत्रांशी ताडून बघा. ते जुळत नसतील तर पाना उचलूच नका.)

नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. ॲक्सलखाली स्टँड, चाकांना अडण, मग खाली. सोबत हातोडी आणि एक जुना स्क्रू-ड्रायव्हर घ्या. हातोडीने चासी ठोकत जा. चांगलं लोखंड खणखणीत वाजतं, आतून खाल्लेलं बद्द वाजतं. बद्द आवाज आला तिथे स्क्रू-ड्रायव्हर जोर लावून टोचा. आत शिरला तर तिथे फक्त रंग आणि चिखल उरलाय. पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) ब्रॅकेट, शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी झुलती कडी), बॉडी जिथे चासीवर टेकते त्या जागा आणि मागचं टोक आधी बघा, कारण चिखल तिथेच साठतो आणि ओला राहतो. पेटीसारखी बंद चासी असेल तर गंज आतून बाहेर येतो. बाहेर फोड दिसतो तेव्हा आतला पत्रा संपत आलेला असतो.

ॲल्युमिनियमची बॉडी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. लँड रोव्हर १९४८ मध्ये आली तेव्हा महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई होती, म्हणून तिच्या बॉडीला ॲल्युमिनियमचा मिश्रधातू वापरला गेला. चासी मात्र पोलादाचीच, आणि ड्रायव्हरच्या पायांसमोरची आडवी भिंतही पोलादाची. त्यामुळे या गाड्या बाहेरून बऱ्या दिसतात आणि पाय ठेवायची जागा हाताने उचकटून निघते. शिवाय पोलाद आणि ॲल्युमिनियम जिथे एकमेकांना भिडतात तिथे ओल लागली की ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी व्हायला लागते. परत जोडताना दोन्हींच्या मध्ये रबर, प्लास्टिकची चकती, निदान सीलंटचा थर हवाच.

चासी वाकलीय का हे बघायला ओळंबा पुरतो. दोन्ही बाजूंच्या सारख्याच भोकांतून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खुणा करा आणि कर्ण मोजा. दोन्ही कर्ण सारखे यायला हवेत. फरक आला तर गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये किती चालतो ते बघा. मॅन्युअल मिळवल्याशिवाय पुढचं काम करायचंच नाही, कारण बोल्ट किती आवळायचा आणि बेअरिंगला किती शिम (पातळ चकत्या) घालायचे हे अंदाजाने होत नाही.

चासीचं वेल्डिंग जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. शिकायचं असेल तर बॉडीच्या पत्र्यावर शिका. वेल्डिंगच्या वेळी बॅटरी सोडलेली आणि पेट्रोलची टाकी काढून लांब ठेवलेली असावी. रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून धोक्याची, कारण आत वाफ असते. आणि ज्या ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रव असतं त्याने पुसलेल्या भागावर वेल्डिंगची ठिणगी पाडू नका. त्यातून फॉस्जीन वायू होऊ शकतो. हाच वायू पहिल्या महायुद्धात शस्त्र म्हणून वापरला होता.

यानंतर सगळ्यांना इंजिनाची घाई होते. मी आधी ब्रेक करतो. चालणारी आणि न थांबणारी गाडी दारात असली की कुणीतरी तिला एक चक्कर मारतोच.

जुन्या जीप आणि लँड रोव्हरमध्ये चारही चाकांच्या ब्रेकना एकच सर्किट असतं. एक पाइप फुटला की चारही ब्रेक गेले. म्हणून पोलादी पाइप, रबरी होज, चाकांचे सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर यांत ‘अजून चालेल’ हा शब्द नको, सगळं नवं. ड्रम उघडताना कॉम्प्रेसरची हवा मारू नका. जुन्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि ती धूळ फुप्फुसात बसते. पाण्याने ओलं करून पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका, मास्क लावा. ब्रेक ऑइलचंही, डब्यावरचा डॉट नंबर बघून घ्या: डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ एका जातीचे, पण डॉट ५ सिलिकॉनचं आहे आणि ते या तिघांत मिसळत नाही. नेहमीचं ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून उघडा राहिलेला डबा पुन्हा वापरू नका. आणि ते रंग उतरवतं, म्हणून रंगाच्या आधी हे काम उरकलेलं बरं.

आता जाम इंजिन. स्टार्टर लावून किंवा गाडी ओढून ते सोडवायचा मोह आवरा. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरून बसल्या असतील तर जोर लावल्यावर रिंग तरी मोडते नाहीतर पिस्टन. स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये गंज सोडवणारं पातळ तेल ओता आणि काही दिवस विसरून जा. मग हँडलने किंवा क्रँकच्या नटावर पाना लावून हळूच मागे-पुढे करा. केसभर हलला तरी जिंकलात. पुन्हा तेल, पुन्हा वाट. फिरायला लागलं की सुरू करण्याआधी जुनं ऑइल काढून नवं भरा आणि प्लग काढलेल्या अवस्थेतच स्टार्टरने फिरवून ऑइलचं प्रेशर येतं का ते बघा.

चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना आत किती दाब होतो ते, मोजा. आकडा किती यापेक्षा चारही सारखे आहेत का हे महत्त्वाचं. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. वाढला तर दोष रिंगांचा, तसाच राहिला तर बहुधा व्हॉल्व्हचा. विलिस एमबीपासून पुढच्या अनेक जीपमध्ये असलेलं २.२ लिटरचं इंजिन साइड-व्हॉल्व्ह आहे, म्हणजे व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्ये असतात. हेड काढलं की वरून सगळं दिसतं. शिकायला याहून सोपं इंजिन मला तरी माहीत नाही.

टाकीतलं जुनं पेट्रोल कधीच वापरू नका, त्याचा चिकट राळेसारखा थर होऊन कार्बोरेटरचे जेट बंद होतात. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर जुने रबरी पाइप आणि पेट्रोल पंपाचा पडदा मऊ पडून फुटतो; इथेनॉलला टिकणारे घाला.

वायरिंगबद्दल थोडक्यात: जुनी वायर वाकवली आणि आवरणाला तडे गेले तर पूर्ण हार्नेस (वायरींचा अख्खा जुडगा) बदला, जोड देत बसू नका. बॅटरी जोडण्याआधी गाडी ६ व्होल्टची आहे की १२ ची, आणि कोणतं टोक बॉडीला आहे, हे खात्री करून घ्या. जुन्या ब्रिटिश गाड्यांत अनेकदा प्लसचं टोक बॉडीला असतं.

गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारी पेटी) आणि दोन्ही डिफरन्शियल (ॲक्सलमधले, वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर), जाम नसतील तर उघडू नका. ऑइल काढा आणि ते बघा. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. ड्रेन प्लगच्या चुंबकाला बारीक काजळीसारखी भुकटी चालते, पण दात्याचा तुकडा दिसला तर उघडावंच लागेल. नवं ऑइल भरताना डिफरन्शियलचं जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल सरसकट गिअरबॉक्समध्ये ओतू नका. त्यातली काही रसायनं पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर बदलताना दोन गिअरचा वेग जुळवणाऱ्या कड्यांना) खातात. तिथे सहसा जीएल-४ लागतं. पुढच्या ॲक्सलच्या किंगपिनचे (ज्या खिळीवर चाक वळतं तिचे) बेअरिंग आणि गोळ्याचे सील मात्र नवे घालाच. पुढचं चाक खडखडून स्टिअरिंग थरथरण्याचं मूळ बऱ्याचदा तिथेच असतं.

पाटे उतरवलेत तर ते ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट नवे घ्या, ते एकदा ताणले की पुन्हा वापरायचे नसतात. पाट्यांच्या टोकांना रबरी बुश (रबराच्या नळ्या) असतील तर शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी करून करा. हवेत आवळलेलं बुश गाडी खाली येताच पिळलं जातं आणि लवकर फाटतं.

रंग सगळ्यात शेवटी. उघड्या लोखंडावर आधी इपॉक्सी प्रायमर, मग गरजेपुरती लांबी (खड्डे भरायची पुटी), मग रंग. साधा प्रायमर मारून गाडी महिनोन्‌महिने ठेवू नका. तो ओल आत घेतो आणि खाली गंज धरतो. दोन डब्यांचा, हार्डनर घालून मारायचा रंग घरी फवारू नका. त्यातल्या आयसोसायनेटमुळे कायमचा दमा होऊ शकतो आणि साधा मास्क त्याला पुरत नाही. मी तर ब्रशने मारलेल्या इनॅमलच्याच बाजूचा. ओरखडा पडला की त्याच डब्यातून पुन्हा हात मारता येतो, आणि ही गाडी ओरखड्यांसाठीच बनलीय.

रस्त्यावर काढण्याआधी टायरच्या बाजूवरचा चार अंकी शिक्का वाचा: पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तीनच अंक दिसले तर टायर २००० च्या आधीचा. नक्षी कितीही खोल असली तरी तो फेकून द्या. पहिल्या चकरेनंतर चाकांचे नट आणि यू-बोल्ट पुन्हा आवळा. फोर-व्हील ड्राइव्ह तपासायचा तर सैल मातीत किंवा वाळूत. बहुतेक जुन्या गाड्यांत पुढच्या-मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नसतं, त्यामुळे कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावून वळलात तर शाफ्ट पिळले जातात आणि लिव्हर पुन्हा टू-व्हीलला येत नाही. तसं झालंच तर सरळ रेषेत थोडं रिव्हर्स घ्या, लिव्हर बहुतेकदा सुटतो.