वाचक विचारतात : गायरानावर झाडं लावावीत का?

प्रश्न : आमच्या गावाला चाळीसेक एकर गायरान आहे. निम्म्यावर वेडी बाभूळ (बाहेरून आलेलं काटेरी झाड) माजलीय. ती काढून हजार रोपं लावायचं पंचायतीत चाललंय. पूर्वी इथं खोकड, लांडगे, पखुर्डी पक्षी दिसायचे. ते परत येतील का?
– एक वाचक, चिक्कोडी तालुका

उत्तर : बाभूळ काढा, रोपं मात्र नकोत. टिटवी, चंडोल, पखुर्डी जमिनीवरच अंडी घालतात, त्यांना मोकळा माळच लागतो. जमिनीच्या उताऱ्यावर ‘पड’ लिहिलं म्हणून माळ ओसाड होत नाही.

वेडी बाभूळ वरून तोडली की दुप्पट जोमानं फुटते, कारण फुटव्याचे डोळे मातीत गाडलेल्या बुंध्यावर असतात. भोवतीची माती उकरून वीतभर खालून तोडा. जेसीबी लावलात तर माती उलटते आणि आधी काँग्रेस गवत उगवतं. मार्चपासून टिटवीची वीण सुरू होते, त्यामुळे हे काम डिसेंबर-फेब्रुवारीतच उरका. पावसाळ्यात ओल्या मातीतून कोवळी रोपं हातानं उपटा. हे पुढची काही वर्षं करावंच लागेल. शेंगा खाल्लेल्या शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्यांतून बी पुन्हा पसरतं, तेव्हा अशा कळपाला चार-पाच दिवस गोठ्यात ठेवून मगच माळावर सोडा.

जिथं गवताची ठोंबं शिल्लक आहेत तिथं पेरूच नका, नुसती चराई थांबवा. उघड्या जागेपुरतं मारवेल, शेडा, डोंगरी या गवतांचं बी जवळच्याच माळावरून दिवाळीच्या सुमारास गोळा करा. ताजं बी नीट उगवत नाही. पोत्यात कोरडं ठेवून जूनमध्ये एकरी दोन-अडीच किलो वापरा. हलकं बी वाऱ्यावर उडतं, म्हणून ओलसर मातीत कालवून फेका. एक सेंटीमीटरहून खोल गेलं तर वर येत नाही. खत अजिबात नको, त्यानं तणच पोसतं.

चराईवर कायमची बंदीही चूक. माळाचे तीन भाग करा, दरवर्षी एक भाग जून ते ऑक्टोबर बंद ठेवा, बी झडल्यावर विळ्यानं कापा. हे धनगरांशी आधी बोलून ठरवा, नाहीतर कुंपण रातोरात जाईल.

प्रश्न : खानापूरकडच्या जांभ्याच्या सड्यावर (उघड्या खडकाळ पठारावर) माती-शेणखत टाकून बाग होईल का?

उत्तर : बाग होईल, सडा जाईल. तिथल्या इंचभर मातीत नत्र फारच थोडं असतं, म्हणून तर दवबिंदू आणि सीतेची आसवं या वनस्पती किडे पकडून जगतात. खत पडलं की रानटी तण त्यांना झाकतं. सुटे दगडही उचलू नका, त्यांच्याखाली पाली आणि विंचू राहतात.