दहा दिवसांत पोटातल्या बाळाचं वजन कमी कसं झालं?

तुमचा प्रश्न असा: ३४ आठवड्यांना सीताबर्डीच्या सेंटरवर २३०० ग्रॅम आलं, दहा दिवसांनी धंतोलीत २२५०. बाळ वाळलं का?

वाळलं नसावं. सोनोग्राफीत वजन होतच नाही. डोक्याची रुंदी आणि घेर, पोटाचा घेर, मांडीच्या हाडाची लांबी (रिपोर्टवर बीपीडी, एचसी, एसी, एफएल) ही मापं सूत्रात घालून मशीन ग्रॅम काढतं. बहुतेक ठिकाणी हॅडलॉक या संशोधकाचं १९८५ सालचं सूत्र असतं. चूक दोन्ही बाजूंना दहा टक्के सहज धरायची, म्हणजे २३०० च्या जागी २०७० ते २५३० काहीही. या काळात बाळ आठवड्याला २०० ग्रॅमच्या आसपास वाढतं. दहा दिवसांची वाढ या चुकीतच जिरून जाते.

खरी गडबड एसीमध्ये, म्हणजे पोटाच्या घेरात होते. पडद्यावर दिसणारा पोटाचा काप अगदी आडवा, जवळपास गोल हवा. जठराचा काळा ठिपका आणि यकृतात वळणारी नाळेची शीर दिसावी, मूत्रपिंडं दिसू नयेत. काप तिरका गेला, प्रोब (पोटावर फिरवायचं यंत्र) जोरात दाबला किंवा बाळाभोवतीचं पाणी कमी असलं की घेर चुकतो. तुमच्या बाळाएवढ्या आकारात एसी १ सेंटिमीटर कमी भरला तर वजन सुमारे ५ टक्के, म्हणजे ११०-१२० ग्रॅम उतरतं. दोन्ही रिपोर्टमधले एसी शेजारी ठेवून बघा.

तरीही दुसरा आकडा फेकून देऊ नका. हॅडलॉकच्या तक्त्यात ३४ आठवड्यांना २३०० ग्रॅम मध्याजवळ येतं, साडेपस्तीसला २२५० मात्र दहाव्या पर्सेंटाइलच्या काठावर, म्हणजे त्या वयाच्या शंभरातली दहाएक बाळंच याहून हलकी. तक्ता कुठला वापरला तेही विचारा; इंटरग्रोथ-२१ या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचा असेल तर पर्सेंटाइल वेगळा निघेल. (त्या अभ्यासासाठी जगातली जी आठ ठिकाणं निवडली, त्यांत आपलं नागपूरही होतं.)

म्हणून डॉक्टरांना नाळेचा डॉपलर (नाळेतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) आणि पाण्याचं प्रमाण आत्ताच बघायला सांगा. ते ठीक असेल तर वाढीची मापं दोन-तीन आठवड्यांनी, एकाच सेंटरवर. त्याआधी पुन्हा मोजलं तर असाच गोंधळ होईल. नव्या रिपोर्टवरची प्रसूतीची बदललेली तारीख मनावर घेऊ नका. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीची तारीखच धरायची.

डिंकाचे लाडू खुशाल खा, पण नाळेतून रक्तच कमी जात असेल तर त्यांनी ग्रॅम वाढणार नाहीत. आणि हालचाल मंदावली वाटली तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा.