कागदावर लॅम्बडा, आभाळात अंडं

प्रश्न : माझ्या ६ इंची न्यूटोनियन दुर्बिणीच्या आरशाबरोबर ‘लॅम्बडा बाय ८’ असा तपासणीचा कागद आला होता. पण गुरूचे पट्टे पुसट दिसतात आणि फोकस जरा हलवला की तारा लांबट होतो. आरसा खोटा निघाला का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आरशावर इतक्यात आळ घेऊ नका. लॅम्बडा म्हणजे प्रकाशाची तरंगलांबी; ‘बाय ८’ म्हणजे चूक तिच्या आठव्या भागाएवढी. विक्रेत्याला एवढंच विचारा, हा आकडा काचेच्या पृष्ठभागाचा की परतणाऱ्या प्रकाशलहरीचा? काचेतली चूक परावर्तनात दुप्पट होते, त्यामुळे पृष्ठभागाचा बाय ८ म्हणजे लहरीचा बाय ४. हिरव्या प्रकाशात सुमारे १४० नॅनोमीटर. चांगल्या प्रतिमेसाठी भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅलेंनी आखलेली मर्यादाही तीच, आणि तेवढ्यात गुरूचे पट्टे दिसायला हवेत.

मला खटकतो तो लांबट तारा. दुर्बीण तासभर आधी गच्चीवर नेऊन निवू द्या. मग २०० पट वर्धनाने डोक्यावरचा एखादा तारा धरा. पुस्तकं ध्रुव सुचवतात, कारण तो जागचा हलत नाही. पण आपल्याकडे तो जेमतेम १८ अंशांवर, हवेच्या जाड थरातून नुसता उकळताना दिसतो. फोकसच्या अलीकडे अंडं उभं आणि पलीकडे आडवं दिसलं, तर तो अस्टिग्मॅटिझम, म्हणजे उभ्या-आडव्या दिशांचा फोकस वेगवेगळ्या जागी पडण्याचा दोष. कुणाचा? मान तिरकी करा; अंडं मानेबरोबर फिरलं तर तुमच्या डोळ्याचा, चष्मा लावून बघा. मग आयपीस, म्हणजे डोळ्याजवळचं भिंग, फिरवून पाहा. शेवटी मोठा आरसा त्याच्या बैठकीत, म्हणजे नळीच्या तळाशी तो बसतो त्या चौकटीत, पाव फेरी फिरवा. अलीकडचं उभं अंडं आडवं झालं तर काच दोषी, जसंच्या तसं राहिलं तर बैठक किंवा प्रकाश आयपीसकडे वळवणारा छोटा आरसा.

माझ्या पहिल्या आरशाला अस्सं अंडं दिसलं, तेव्हा मी तो पुन्हा पॉलिशला घ्यायला निघालो होतो. फूको चाचणीत (पात्याच्या धारेने आरशाचा आकार तपासण्याची रीत) मात्र मध्य आणि काठ यांच्या फोकसमधला फरक २.३ मिमी, म्हणजे १२०० मिमी नाभीय अंतराला हवा तेवढाच येत होता. दोन रात्री डोकं खाजवल्यावर उलगडा झाला. चाचणीच्या वेळी आरसा नुसता टेकून उभा असायचा. नळीत मात्र पडू नये म्हणून मी त्याला कडेने धरणाऱ्या तिन्ही क्लिपा कचकचून आवळल्या होत्या. पोस्टकार्ड सरकेल इतकी फट ठेवली आणि त्याच रात्री तारा गोल झाला.

तेव्हा क्लिपा आधी बघा. सैल केल्यावर आरसा किंचित खुळखुळेल, खुळखुळू दे. आरशांची जुळवणी मात्र पुन्हा करावी लागेल.