खोली लहान असली तरी

गाण्याच्या रियाजाला वेगळी खोली नाही म्हणून अडून बसू नकोस. गायकीचं भेंडीबाजार घराणं याच मुंबई शहरातल्या गजबजलेल्या वस्तीचं नाव लावतं. पहाटे खर्ज भर, म्हणजे मंद्रातले, खालच्या सप्तकातले स्वर लाव. मंद्रातला आवाज शेजाऱ्यांना खुपत नाही. षड्जावर, म्हणजे ‘सा’वर, श्वास पुरेपर्यंत थांब, तानांची, म्हणजे जलद स्वरांच्या लडींची, घाई आत्ता अजिबात नको. पावसाळ्यात दमट हवेनं तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैल पडते, तंबोराही सारखा उतरतो. जुळवण्यात गेलेला वेळ फुकट गेला असं मानू नकोस, कान तिथेच तयार होतो. लोकलमध्ये इयरफोन काढून ठेव, बंदिश मनात घोळव आणि बोटांवर तीनतालाच्या 16 मात्रा मोज. मैफलीला गेलीस की पुढे बस, गायक श्वास कुठे घेतो ते बघ.